मानाची मूठ

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. कुठलं जंगल, ते विचारायचं नाही. बाळांनो, विचारणाऱ्याचं काय होतं ते या गोष्टीत पुढे येणारच आहे. तेव्हा हाताची घडी घाला आणि ऐका.

या वाघमहाराजांचं प्रजेवर फार प्रेम होतं. हरणांवर तर जरा जास्तच. रोज तिन्हीसांजेला एखादं तरी हरीण त्यांना भेटायला लागे. भेटून परत आलेलं हरीण मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

दर दसऱ्याला महाराज सीमोल्लंघनाला निघत. पुढे मोर नाचत, मागे वानरं ढोल बडवत. मागच्या दसऱ्याला मिरवणूक कवठीच्या झाडाजवळ आली आणि एक कवठ सणसणत येऊन महाराजांच्या टाळक्यात बसलं. कच्चं, टणक कवठ. वानरं म्हणाली, आपोआप पडलं. त्याचा तपास अजून चालू आहे.

तेव्हापासून महाराजांना प्रजेत जायची भीती वाटू लागली. हसू नका. राजाला भीती वाटली की तिला बंदोबस्त म्हणतात.

महाराजांचे दिवाणजी एक तरस होते. ते म्हणाले, "सरकार, आपण चिलखती गाडा करून घेऊ. दसऱ्याला आपण आत बसायचं. प्रजेला दर्शनही होईल आणि कवठही लागणार नाही."

गाड्याचं काम खवलोजी नावाच्या खवलेमांजराकडे गेलं. अंगावर खवले बाळगणारा जंगलात तो एकटाच, म्हणजे या विषयातला जाणकार तोच. त्यानं भला थोरला गाडा केला. चारी बाजूंनी लोखंडाचे खवले, एकावर एक. हवेला आणि दर्शनाला समोर एक चिंचोळा झरोका. शेजारीच एक जाड दार. दाराला कडी.

कडी बाहेरून होती. आतून लावायची खवलोजी विसरला. पण गाडा इतका देखणा दिसत होता, की तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"वरून कवठ पडो नाहीतर कडा कोसळो," खवलोजी म्हणाला, "आतल्याची झोपसुद्धा मोडणार नाही."

"मग एक कवठ मारून बघू की," एक वानर म्हणालं.

दिवाणजी भडकले. "अरे, महाराजांच्या गाड्याची परीक्षा कवठानं? काही इभ्रत आहे की नाही राज्याला? परीक्षा बंदुकीनं होईल."

पण जंगलात बंदूक नव्हती. तेव्हा गाड्याची परीक्षा घेण्यासाठी म्हणून एक बंदूक करायची ठरली. ती साधीसुधी करून चालणार नव्हतं. महाराजांच्या पणजोबांची वाटेल अशी हवी होती. पणजोबांना असले पंजे असताना बंदूक कशाला लागली असेल, हा प्रश्न कोणाच्या मनात आलाच नाही. आला असेल त्यांनी गिळला.

बंदूक केली भालोजी अस्वलानं. ठासणीची बंदूक. ठासणीची म्हणजे काय, माहीत आहे? नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे टाकायचे, लांब गजानं ठासठास ठासायचं, आणि मागे बत्ती द्यायची. ही बंदूक पडलेल्या सागवानाएवढी लांब होती. तिला उचलायला रानगवे लागत. भालोजीनं ती घडवली, मग चिंचेच्या पाण्यात बुडवून गंजवली, मग उकिरड्यात पुरली आणि एका सकाळी मोठ्या समारंभानं उकरून काढली.

"पणजोबांची बंदूक सापडली!" सगळं जंगल ओरडलं. महाराजांचे डोळे भरून आले.

परीक्षेसाठी वडाखाली सभा भरली. दिवाणजींनी सगळं समजावून सांगितलं. गाडा तिकडे, बंदूक इकडे, बार उडवायचा, मग गाडा बघायचा. काही शंका?

त्या सभेत म्हाळू नावाचं एक भेकर बसलं होतं. भेकर म्हणजे ते लहानसं, भित्रं हरीण, जे जरा काही वाजलं की कुत्र्यासारखं भुंकतं. म्हाळू स्वभावानं गरीब. पण त्याला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही की तो विचारायचा.

"दिवाणजी," तो म्हणाला, "गाडा रिकामाच ठेवला, तर आतला वाचतो की मरतो ते कळणार कसं?"

प्रश्न बिनतोड होता. दिवाणजींनी महाराजांकडे बघितलं, महाराजांनी दिवाणजींकडे बघितलं.

"वा!" दिवाणजी म्हणाले. "अगदी मुद्द्याचं बोललास. आत कोणीतरी बसायलाच हवं. आणि विषय म्हाळूनंच काढलाय, तेव्हा म्हाळूच बसेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाळूच्या शेजारी बसलेल्यांनी तर हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या.

म्हाळू घरी आला. त्याची बायको गोदी. तिचे दिवस भरत आले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"तुमच्या जिभेला काही हाड? एवढी सभा गप्प बसली होती ना? मग तुम्हालाच कसली खाज सुटली होती?"

"सहज विचारलं गं मी."

"सहज! इथं माझं बाळंतपण तोंडावर आलंय आणि हे तिकडे सहज विचारतात!" एवढं बोलून ती रडायला लागली. म्हाळूही रडला. त्याला मरायचं नव्हतं. त्याला पोराचं तोंड बघायचं होतं, आणि ते त्यानं तिला तसंच सांगितलं.

गोदीनं डोळे पुसले. "मीपण येते आत. इथं बसून बार ऐकण्यापेक्षा ते बरं."

"अगं, वेडी का खुळी तू?"

"गपा. एक प्रश्न विचारलात, तेवढा पुष्कळ झाला."

दुसऱ्या दिवशी दिवाणजी स्वतः शाल आणि नारळ घेऊन दारात हजर झाले. म्हाळूच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. "खरं तर सत्कार परीक्षेनंतर करायचा होता," ते म्हणाले. "पण नंतर घ्यायला कोण असेल, काय सांगावं? म्हणून आत्ताच उरकून घेतला."

आता बाळांनो, पुढचं समजायचं तर या जंगलाची एक रीत माहीत हवी. तिथं मानाशिवाय पान हलत नसे. काहीही नवं सुरू करायचं असलं की सगळ्या मानकऱ्यांचा हात लागायलाच हवा, तोही ज्याच्या त्याच्या पायरीनं. आधी महाराज, मग दिवाणजी, मग गवा सरदार, मग रानडुक्कर पाटील, मग सांबर, मोर, आणि असे पुष्कळ. मागं एकदा नवा पाणवठा खणला होता. प्रत्येक मानकऱ्यानं त्यात एकेक नारळ फोडला, प्रत्येकाच्या बायकोनं फोडला, व्याह्यांनी फोडला. पाणवठा करवंट्यांनी बुजला. त्या वर्षी जनावरं तहानेनं हैराण झाली, पण मान कोणाचा चुकला म्हणून कोणी बोट दाखवू शकलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. मैदानाच्या एका टोकाला गाडा उभा केला. दुसऱ्या टोकाला बंदूक, तोंड गाड्याकडे. बंदुकीच्या पुढे धोका, म्हणून मानकऱ्यांचा मंडप बंदुकीच्या मागे घातला. अगदी चिकटून घातला, कारण लांब बसणं हा कमीपणा. झालर लावली, सरबत ठेवलं.

म्हाळू गाड्यात शिरला. त्याच्यामागून गोदी पोट सांभाळत शिरली. दिवाणजींना हे काही पसंत पडलं नाही.

"बाई, सत्कार एकाचाच झालाय."

"असू दे. मी बिनसत्काराची मरते," गोदी म्हणाली आणि फतकल मारून बसली.

मग कडीचा मान निघाला. खूप खल झाला. शेवटी ठरलं, की या गाड्याची कडी लावायचा मान दिवाणजींचा आणि काढायचा मान महाराजांचा. दिवाणजींनी हळदकुंकू वाहून कडी लावली. आत अंधार झाला. म्हाळू भुंकायला लागला. गोदीनं त्याचं तोंड दाबून धरलं.

इकडे भालोजी अस्वलानं दारूचं पिंप उघडलं. "सरकार, हिला एक मूठ दारू लागते. एकच. महाराजांनी आपल्या हातानं घालावी."

महाराजांनी मूठ घातली. वाघाची मूठ, ती मूठ कसली, सूपच ते. सनई वाजली.

"आता दिवाणजी," कोणीतरी म्हणालं.

"अहो, नको!" भालोजी म्हणाला. "दारू झाली पुरेशी."

"दारू झाली असेल," दिवाणजी म्हणाले. "मान कुठं झालाय?" आणि त्यांनी मूठ घातली.

मग गवा सरदारांनी घातली. मग मोराला पुढे बोलावलं, आणि रानडुक्कर पाटील ताडकन उठून मंडपाबाहेर चालू लागले. मोर पाटलांच्या आधी! त्यांच्या सात पिढ्यांत असला अपमान झाला नव्हता. सगळे त्यांच्या मागे धावले. पायधरणी झाली. शेवटी पाटील परत आले, पण दोन मुठी घालायच्या बोलीवर. एक हक्काची आणि एक अपमान भरून काढायची. ते पाहून सांबर रुसलं. त्यालाही दोन दिल्या.

खवलोजीनं मूठ घातली, कारण नाही घातली तर गाडा करणाऱ्यालाच धडकी भरली असं लोक म्हणाले असते. महाराजांच्या मावशीनं घातली. सासुरवाडीच्या बिबट्यानं घातली. प्रत्येक मुठीनंतर भालोजी गज घेऊन ठासत होता आणि "बास हो, बास!" म्हणून ओरडत होता. शेवटी दिवाणजी म्हणाले, "चला, कोणाचा मान राहिला नाही ना?"

भालोजी जरा घुटमळला. एवढी दारू म्हणजे काय होणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण बंदूक त्यानं केली होती, आणि सासुरवाडीच्या बिबट्याला विचारलं तसं त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"माझा राहिला," तो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ भरून घातली.

नळी तोंडापर्यंत भरली. छर्ऱ्यांना जागाच उरली नाही. मानाचे म्हणून मूठभर छर्रे वर नुसते ठेवले.

महाराजांनी बत्ती दिली.

बाळांनो, कान झाका.

बार झाला. पण तो पुढे झाला नाही. पणजोबांची बंदूक मागच्या बाजूनं फुटली आणि मंडप, झालर, सरबत, मानकरी असं सगळं मिळून आभाळात गेलं. थोड्या वेळानं ते खालीही आलं. जीव कोणाचा गेला नाही. महाराजांच्या मिशा गेल्या. मोराचा पिसारा गेला. पाटलांचं शेपूट पुढे पुष्कळ दिवस कवठीच्या झाडावर लोंबकळत होतं.

छर्रे नळीच्या तोंडाशी जमिनीवर पडले होते. गाड्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

गाड्यातून म्हाळूचा आवाज आला. "झाली का परीक्षा? अहो, आम्ही जिवंत आहोत! दार उघडा!"

वानरं धावत गेली आणि कडीपाशी थबकली.

"अहो भावजी, काढा की कडी!" गोदी ओरडली. "माझा जीव घुसमटतोय आत!"

"काढली असती हो वहिनी," वानरं म्हणाली. "पण मान महाराजांचा आहे."

"मग बोलवा त्यांना!"

"ते बेशुद्ध आहेत."

महाराज शुद्धीवर येईपर्यंत सगळे थांबले. ऊन तापलं. लोखंडाचे खवले तापले. आत गोदी म्हाळूच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती आणि म्हाळू झरोक्यातून "कोणीतरी काढा हो, पाया पडतो" म्हणून विनवत होता. बाहेर एवढं जंगल जमलं होतं. सगळ्यांना कळवळा होता. कडीला मात्र कोणी हात लावला नाही. शेवटी महाराजांना उचलून आणलं, त्यांचा पंजा धरून कडीला लावला आणि दार उघडलं.

गोदी बाहेर आली. तिनं पाणी मागितलं, ते प्यायलं, आणि त्या कडीकडे एकदा नीट बघून घेतलं.

संध्याकाळी निकाल जाहीर झाला. गाड्यावर ओरखडाही नाही, म्हणजे गाडा उत्तम. बंदुकीचा आवाज शेजारच्या राज्यात ऐकू गेला, म्हणजे बंदूकही उत्तम. खवलोजीला आणि भालोजीला दोघांनाही शाल मिळाली.

मग दिवाणजींनी म्हाळूला पुढे ओढलं. त्यांची अर्धी दाढी जळाली होती. "महाराज इकडे आगीत होरपळत होते, आणि तू बायकोला घेऊन सुरक्षित जागी बसून होतास? लाज नाही वाटली?"

"दिवाणजी, तुम्हीच तर मला..."

"उलट बोलतोस? पुढच्या परीक्षेला सुरक्षित जागी कोण बसतं ते बघ आता!"

कारण पुढची परीक्षा होतीच. दसरा जवळ आला होता. भालोजीनं नवी बंदूक केली, तेव्हा तिचीही परीक्षा आली. तीही पणजोबांचीच निघाली. या वेळी मात्र सगळे शहाणे झाले होते. बंदुकीच्या मागे धोका असतो आणि गाड्यात धोका नसतो, हे आता सिद्ध झालं होतं. म्हणून महाराज गाड्यात बसले. त्यांच्यामागे दिवाणजी बसले. मग गवा सरदार, रानडुक्कर पाटील, सांबर, मोर, मावशी, बिबट्या. पायरीनं एकेक करून सगळे मानकरी आत कोंबले. खवलोजी आणि भालोजी शालवाले, म्हणून तेही. आत जागा मावेना, पण बाहेर राहायला कोणी तयार होईना.

बाहेर बंदुकीमागे जळती बत्ती घेऊन उभा राहिला एकटा म्हाळू. मागची बंदूक कशी फुटली ते त्यानं ऐकलं होतं.

गोदी गाड्याच्या दाराशी उभी होती. "दिवाणजी, कडी?"

कडी लावायचा मान दिवाणजींचा. ते तर आत. त्यांनी झरोक्यातून हात बाहेर काढला, वाकडा करून बाजूला ताणला आणि कसंबसं कडीला बोट टेकवलं. "लाव गं बाई, आमच्या वतीनं," ते म्हणाले.

गोदीनं कडी लावली. नीट बसली की नाही, ते ओढून बघितलं.

"हं, उडव!" आतून महाराज गरजले.

म्हाळूनं बत्ती खाली नेली आणि तो थांबला. खोड कुठं जाते? त्यानं विचारलंच. "महाराज, पण बंदुकीत दारू कुणी घालायची?"

"तू घाल!"

तेवढ्यात गोदी पुढे झाली. "हे काय भलतंच! पहिली मूठ महाराजांची. मग दिवाणजींची. मग सरदारांची. आमच्यासारख्यांनी कशी घालायची मूठ? पाटील, तुम्हाला तरी चालेल का? एक भेकर तुमच्या आधी?"

आतून पाटलांचा आवाज आला. "नाही चालणार."

"नाहीच चालणार," सांबर म्हणालं.

"बरं, मग आधी दार उघड," महाराज म्हणाले. "आम्ही मुठी घालतो आणि परत आत बसतो."

"उघडते की, महाराज," गोदी म्हणाली. "पण कडी काढायचा मान आपला. दिवाणजींनी लावला तसा आपण हात लावून द्या, की आपल्या वतीनं लगेच काढते."

महाराजांनी झरोक्यात पंजा घातला. तो नखांशीच अडकला. वाघाचा पंजा तो, सुपाएवढा. इकडून घातला, तिकडून घातला. नाही म्हणजे नाही.

"सरकार, माझा हात पोचतो," दिवाणजी म्हणाले. "मी लावू का, आपल्या..."

"आमच्या आधी?" महाराज म्हणाले. मग आतून बराच वेळ निरनिराळे आवाज येत राहिले. ते मी सांगणार नाही, तुम्ही लहान आहात.

महाराज ओरडले, "अरे, बाहेर कोणी आहे का?"

बाहेर सगळं जंगल होतं. ससे होते, वानरं होती, घोरपडी होत्या, हरणं तर झाडून सगळी होती. सगळे हात जोडून उभे होते.

"आहोत, महाराज," वानरं म्हणाली. "पण आमचा मान नाही."

म्हाळूनं बत्ती मातीत विझवली. बायकोचा हात धरला. दोघं घरी गेली. त्याच आठवड्यात त्यांना पाडस झालं, आणि म्हाळूनं पोराचं तोंड बघितलं.

दसरा थाटात झाला. गव्यांनी गाडा ओढला, वानरांनी ढोल बडवले. प्रजेला झरोक्यातून महाराजांचं दर्शन झालं. कोणीतरी कवठ मारलं. ते गाड्यावर ठण्णकन वाजलं आणि बाजूला पडलं. आत काही लागलं नाही. महाराजांच्या मनात होतं तसंच सगळं झालं.

तेव्हापासून दर दसऱ्याला तो गाडा निघतो. रोज सकाळी झरोक्यातून नैवेद्य देतात. कंदमुळांचा. महाराजांना आधी तो जात नसे, आता जातो. जंगलात हरणं वाढली आहेत. का वाढली, ते कोणी विचारत नाही.

आणि बंदुकीपुढे तो गाडा टिकला असता की नाही, हे मात्र आजतागायत कळलेलं नाही.

तात्पर्य: थोरांचा मान नेहमी राखावा. फक्त कडी बाहेरून आहे ना, ते आधी बघून घ्यावं.